पोटाची चौकशी करणारे भाऊ

"काय सर, पोट साफ?"

सकाळी कॉलेजला निघालो की कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवरून हा प्रश्न यायचा. हळू आवाजात नव्हे. समोर रिक्षाची वाट बघत उभ्या असलेल्या माझ्याच वर्गातल्या मुलींना स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात. मी मान खाली घालून "हो हो" म्हणत स्कूटर पुढे दामटायचो. मागून समाधानाने "उत्तम!" ऐकू यायचं आणि भाऊ पुढच्या माणसाकडे वळायचे.

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, ज्याला लाज द्यायची राहून गेलेली असते. आमच्या जळगावातल्या कॉलनीत ते भाऊ होते. घराणं मूळचं राजस्थानातलं, जैन, पण भाऊ जन्माने आणि जिभेने इथलेच. घरात मारवाडी, खेड्यातल्या गिऱ्हाइकाशी अहिराणी आणि आमच्यासारख्या नोकरदारांशी जरा इस्त्रीची मराठी. प्रश्न मात्र तिन्ही भाषांत एकच. लग्नाची भांडी घ्यायला आलेल्या म्हाताऱ्याला ते आधी पाण्याचा तांब्या द्यायचे आणि मग विचारायचे, "नाना, पोट साफ शे ना?" अख्ख्या सोयऱ्याधायऱ्यांसमोर नाना बिचारा "बठ्ठं चांगलं शे, शेठ" म्हणायचा आणि घाईघाईने हंड्याच्या भावाला हात घालायचा.

आमच्या सौ.ने त्यांच्यामुळे भाजीला जायचा रस्ता बदलला होता. "हा माणूस एक दिवस कोणाचा तरी मार खाणार," असं तिचं भाकीत होतं. ते खरं झालं नाही. भाऊंचा चेहराच असा होता, की ते चेष्टा करताहेत असं कोणाला वाटायचंच नाही. ते खरोखर उत्तराची वाट बघायचे.

मी त्यांच्यावर मनापासून हसायचो. का नाही हसणार? मी जीवशास्त्राचा प्राध्यापक. उभी नोकरी फळ्यावर मोठं आतडं काढण्यात गेली. उजवीकडून वर, मग आडवं, मग डावीकडून खाली. पोरं म्हणायची, सरांसारखं आतडं कोणाला काढता येत नाही. खडूच्या आतड्याची मला कधीच भीती वाटली नाही.

एकदा कुकरची शिट्टी बदलायला दुकानात गेलो होतो. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. मी म्हटलं, "भाऊ, राग मानू नका, पण हे पोटाचं काय खूळ आहे तुमचं?"

भाऊ एक पातेलं पुसत होते. ते पुसतच राहिले.

"माझा थोरला भाऊ धुळ्याला होता, सर. धान्याचा व्यापार. शौचातून रक्त जायचं त्याला. मूळव्याध आहे म्हणाला. मी इथून चूर्ण पाठवायचो. एसटीच्या पार्सलने, डबे भरभरून. सहा-आठ महिने आम्ही दोघं भाऊ मूळव्याधीवर इलाज करत बसलो. मूळव्याध नव्हतीच. आतड्याचा कॅन्सर होता. कळलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता फक्त सांभाळा." त्यांनी पातेलं खाली ठेवलं. "रोज फोन व्हायचा आमचा. बाजार कसा, पाऊस कसा, पोरं कशी. सगळं विचारायचो. पोटाचं कधी विचारलं नाही हो. लाज वाटायची. आता सगळ्यांना विचारतो."

मी शिट्टी घेऊन घरी आलो. त्यानंतर माझं हसणं जरा कमी झालं, पण स्कूटर दामटणं चालूच राहिलं.

पुढे त्यांचा मुलगा एका संध्याकाळी माझ्याकडे आला. काकांना हा आजार झाला म्हणून सख्ख्या भावानेही मोठं आतडं तपासून घ्यायला हवं, असं त्यांच्या घरच्या डॉक्टरांनी कधीपासून सांगून ठेवलं होतं. भाऊ ऐकत नव्हते. साऱ्या गावाच्या पोटाची विचारपूस करणारा माणूस स्वतःच्या पोटाचं नाव काढलं की पाठ फिरवत होता. "मागून नळी घालणार म्हणतात, ते मी मेलो तरी करणार नाही," एवढं एकच त्यांचं उत्तर. मुलगा म्हणाला, "सर, तुम्ही शिकलेले. तुमचं ऐकतील."

शिकलेला म्हटलं की मी पाघळतो. दोन दिवस मोबाइलवर वाचन केलं आणि दुकानाच्या बाकावर बसून भाऊंना व्याख्यान दिलं. व्हर्च्युअल कोलोनोस्कोपी! म्हणजे काय, तर सीटी स्कॅन. लांबलचक दुर्बीण आत फिरवायची नाही, गुंगी द्यायची नाही. फक्त टोकाशी बोटभर मऊ नळी, त्यातून थोडी हवा सोडायची म्हणजे आतडं फुगतं, मग मशीन फोटो काढतं आणि संगणक त्या फोटोंतून आतड्याचा आतला बोगदा उभा करतो. डॉक्टर पडद्यावर त्या बोगद्यातून फेरफटका मारतात. कुठे पॉलिप, म्हणजे मांसाचा छोटा कोंब उगवलेला असला, तर दिसतो. हेच कोंब वर्षानुवर्षं वाढत जाऊन त्यातल्या काहींचा कॅन्सर होतो. म्हणून काही त्रास नसतानाच बघायचं. त्यांच्या घरच्या डॉक्टरांनाही मी फोनवर विचारलं होतं. ते म्हणाले, भाऊंच्या घरात आजार होऊन गेलाय म्हणून दुर्बीणच उत्तम, पण अजिबात काही न करण्यापेक्षा हे शंभरपट बरं.

भाऊंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "तुमचं वय काय, सर?"

मी सांगितलं. पन्नाशी कधीच उलटली होती.

"मग तुम्ही कधी केली ही तपासणी?"

"मला काही त्रास नाही," मी म्हटलं.

"आत्ताच तर म्हणालात, त्रास नसतानाच बघायचं."

बाकावर आणखी दोन गिऱ्हाईकं बसली होती. ती माझ्याकडे बघायला लागली. "तुम्ही करता तर मी करतो," भाऊ म्हणाले. मी तिथून उठलो तेव्हा माझीही वेळ घेतली गेलेली होती. स्वतःच्या वक्तृत्वाने स्वतःच अडकलेला दुसरा प्राध्यापक मी पाहिलेला नाही.

तपासणी धुळ्याला होती, सोमवारी सकाळी. नेमाने ही तपासणी करणारे एक डॉक्टर तिथे भाऊंच्या ओळखीतले होते. त्यांनी फोनवर पथ्य सांगितलं. शनिवारपासून बिया नाहीत, साली नाहीत, पालेभाजी नाही. रविवारी नुसतं वरणाचं गाळलेलं पाणी, नारळपाणी, साधं पाणी. संध्याकाळी जुलाबाची पावडर दोन लिटर पाण्यात घोळून पोटात घालायची, आणि सोबत एक वेगळं औषध, ज्याने उरलासुरला मळ फोटोत पांढरा दिसतो.

भाऊंना याचं काहीच वाटलं नाही. पर्युषणात आठ-आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहिलेला माणूस. त्यांची अडचण एकच, सूर्यास्तानंतर तोंडात थेंब घ्यायचा नाही. त्यांनी डॉक्टरांशी फोनवर घासाघीस केली, जशी ते ठोक व्यापाऱ्याशी करायचे, आणि दोन्ही लिटर दिवस मावळायच्या आत संपवायची परवानगी मिळवली.

माझी अडचण निराळी होती. हिवाळा होता.

खानदेशातल्या वाचकाला यापुढे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. थंडी पडली की आमच्याकडे शेताशेतांत भरीत पार्ट्या होतात. शनिवारी पहूरजवळ आमच्या कॉलेजातल्या एका मित्राच्या शेतावर पार्टी ठरलेली होती आणि तिला नाही म्हणणं म्हणजे त्याच्या घरच्या लग्नाला नाही म्हणण्यासारखं. मी ठरवून गेलो की नुसतं बसायचं. कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यावर भाजून काळी पडलेली हिरवी लांबट वांगी, मग लाकडी भांड्यात मिरची-लसणाबरोबर कुटणं, वरून तेल, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. मित्र म्हणाला, "काय भो, नुसतं बघायला आला का?" मी म्हटलं, चवीपुरतं. चव नीट कळायला चार वेळा वाढून घ्यावं लागलं.

मनाची समजूत घालायला माझ्याकडे शास्त्र होतंच. वांगं मऊ असतं. वांग्याच्या बिया म्हणजे काय बिया आहेत का? आणि एवढी जुलाबाची पावडर घ्यायचीच आहे, तर तिलाही काही काम नको का?

रविवारी सकाळी भाऊ पथ्याची चौकशी करायला आले आणि उंबऱ्यातच थबकले. "सर, धुराचा वास येतोय."

"शेजारी शेकोटी पेटवली होती," मी म्हटलं.

"शेकोटीत लसूण टाकला होता का?" भाऊंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता निघून गेले.

संध्याकाळी ती पावडर मी घेतली. चवीला मिठाच्या पाण्यात कोणीतरी लिंबाचं सरबत करायचा विचार सोडून दिल्यासारखी. शेवटचा पेला मी बेसिनमध्ये ओतला, कारण तोवर माझ्या मते माझ्या पोटात काहीच उरलं नव्हतं. मत माझंच होतं. पोटाचं वेगळं होतं. सोमवारी पहाटे भाऊंच्या मुलाने गाडी काढली, तर एरंडोलला थांबावं लागलं, पारोळ्याला थांबावं लागलं आणि धुळ्याच्या अलीकडच्या पेट्रोल पंपावर मी गाडी पूर्ण थांबायचीही वाट बघितली नाही. भाऊ मागच्या सीटवर माळ जपत स्वस्थ बसले होते. प्रत्येक वेळी मी परत आलो की दार उघडून धरायचे. विचारायचे मात्र काही नाही. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

तिथे आधी माझा नंबर लागला. पाठीमागून उघडा झगा घालून मी टेबलावर कुशीवर पडलो. खरं सांगतो, त्या तपासणीत भिण्यासारखं काही नाही. नळी इवलीशी. हवा सोडली की पोट फुगतं, घट्ट वाटतं, कळ येते तशी येते आणि जाते. आधी उताणं झोपवून फोटो काढतात, मग पालथं. श्वास रोखा, सोडा, झालं. चहा थंड व्हायला लागेल तेवढ्या वेळात मी बाहेर. ती हवा मग बाहेर कशी पडते, हे मी वर्गात कधी शिकवलं नव्हतं. बाहेरच्या हॉलमध्ये मी उभा राहूनच वाट बघितली.

भाऊ आत जाताना मात्र पांढरे पडले होते. दाराशी त्यांनी माझं मनगट धरलं. "थोरल्यासारखं निघालं तर पोराला लगेच सांगू नका," ते म्हणाले. मी बरं म्हटलं. पाचेक मिनिटांनी आतून त्यांचा आवाज आला. टेबलावर पडल्यापडल्या ते टेक्निशियनला विचारत होते, "दादा, तुमचं पोट साफ असतं ना?" माझ्या जिवात जीव आला.

नंतर डॉक्टरांनी आम्हाला पडद्यासमोर बसवलं. आधी भाऊंचं आतडं. गुलाबी, वळणावळणाचा, लख्ख बोगदा. डॉक्टर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून आले. "काही नाही. छान आहे," ते म्हणाले. "इतकं स्वच्छ पोट क्वचित बघायला मिळतं."

भाऊ हसतील, मला डिवचतील असं वाटलं होतं. त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. "थोरल्याला हे कोणी दाखवलं असतं तर," एवढंच म्हणाले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार?

मग माझं आतडं आलं. बोगद्यात जिकडेतिकडे काहीबाही चिकटलेलं. डॉक्टरांनी चष्मा वर केला. "काय खाल्लं होतं?"

मी काही बोलायच्या आत भाऊ म्हणाले, "भरीत." मग नाक पुसून माझ्याकडे वळले. "आमच्या धर्मात वांगं चालत नाही, सर. फार बिया असतात म्हणून. हसायचे ना तुम्ही?"

डॉक्टर हसले, मीही हसलो. डॉक्टर सांगत होते, की उताणं आणि पालथं असे दोन फोटो याचसाठी काढतात. अन्नाचा कण असेल तर माणूस पालथा झाला की तो जागा सोडून खाली घसरतो. ते एकेका ठिपक्यावर बाण नेऊन दाखवत होते. हे हललं, हे वांगं. हेही हललं. मग एका ठिकाणी बाण थांबला. त्यांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले, पुन्हा लावले.

"हे हललेलं नाही," ते म्हणाले.

पॉलिप होता. फार मोठा नाही, पण दुर्लक्ष करण्याएवढा लहानही नाही. आता दुर्बीण घालून बघणं आणि काढणं भाग होतं. पोट साफ असतं तर आजच उरकलं असतं, पण या बियांच्या गर्दीत दुर्बीण घालता येणार नाही. पुन्हा पथ्य, पुन्हा पावडर, आणि पुढच्या आठवड्यात या. भाऊंना ज्या नळीची भीती म्हणून मी हा दुसरा रस्ता दाखवला होता, तीच नळी आता माझ्या वाट्याला आली होती.

परतताना पारोळ्याला मुलाने चहा आणला. मला गिळवला नाही. भाऊंचा उपास सुटायला हरकत नव्हती, पण त्यांनीही पेला तसाच परत दिला.

तो आठवडा मी विनोदाने सांगू शकत नाही, आणि एवढं सगळं सांगितल्यावर खोटं कशाला बोलू? मी भ्यालो होतो. अकरावीच्या वर्गात फळ्याकडे वळलो आणि आतड्याची आकृती काढता काढता हात थांबला. पोरांना वाटलं, सर विसरले. घरी सौ. रात्री दिवा मालवल्यावर माझ्या पोटावर हात ठेवून पडायची आणि मी झोपल्याचं सोंग करायचो. मुलीचं लग्न व्हायचं होतं.

त्या आठवड्यात भाऊ रोज सकाळी पायरीवर असायचे. रिक्षावाल्याला विचारायचे, दूधवाल्याला विचारायचे, पोस्टमनला विचारायचे. मी समोर आलो की नुसती मान हलवायचे. एवढी वर्षं ज्या प्रश्नाने माझी अब्रू घेतली, तो ऐकू आला नाही की स्कूटर पुढे नेववत नव्हती.

दुर्बिणीच्या आदल्या दिवशी ते सकाळीच आमच्या घरी आले. हातात स्वतःचा पेला आणि उकळलेल्या पाण्याचा तांब्या. सोफ्यावर मांडी घालून बसले. सौ. म्हणाली, "भाऊ, चहा टाकते." तर म्हणाले, "आज मला काही नको. सरांसोबत माझाही उपास."

"तुमची तपासणी तर झाली, भाऊ. तुम्ही का उपाशी राहता?"

"वहिनी, एकट्याने उपाशी राहिलं की माणूस डबे उघडतो. दोघांनी केला की धर्म होतो." मग माझ्याकडे बघून, "शिवाय यांच्यावर माझा भरवसा नाही."

दिवसभर आम्ही दोघं वरणाचं पाणी पीत बसलो. त्यांनी थोरल्या भावाच्या गोष्टी सांगितल्या. दोघांनी लहानपणी धुळ्याच्या पांझरेत घरची पितळी परात होडी म्हणून सोडली आणि बुडवली, ती गोष्ट सांगताना हसून हसून त्यांना ठसका लागला. दुपारनंतर पावडर आली. पहिला पेला मी नाक दाबून घेतला. शेवटचा पेला घेऊन बेसिनकडे निघालो तर भाऊ दारात उभे. "इथेच प्या," ते म्हणाले. मी तिथेच प्यालो. ज्या बाईने त्यांच्यासाठी भाजीचा रस्ता बदलला होता, ती त्या संध्याकाळी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली.

दुर्बिणीचं मला काहीच कळलं नाही. गुंगी दिली होती. जागा झालो तेव्हा सौ. उशाशी होती आणि पायथ्याशी भाऊ. डॉक्टर सांगत होते, पॉलिप पूर्ण निघाला. पुढे चार दिवसांनी तपासणीचा निकाल आला. कॅन्सर नव्हता, पण काही वर्षं तसाच राहिला असता तर झाला असता, त्या जातीचा होता. आता घाबरायचं कारण नाही, तीन वर्षांनी पुन्हा दुर्बिणीने बघू.

तो निकाल मी आधी घरी नाही, दुकानात जाऊन सांगितला. भाऊंनी ऐकलं, गल्ल्यावरून उठले, पायरीवर आले आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं, "काय सर, पोट साफ?" मीही तेवढ्याच मोठ्याने "साफ, भाऊ!" म्हटलं. समोर माझ्या वर्गातल्या मुली उभ्या होत्या. असू देत.

भाऊंना मात्र ती तीन वर्षं काही पुरी करता आली नाहीत. दुसऱ्या उन्हाळ्यात भाऊ हृदयविकाराने गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत. पोटाने त्यांना शेवटपर्यंत दगा दिला नाही. मी ऐकलं तेव्हा पहिल्यांदा मला रागच आला. कोणावर, ते अजून कळलेलं नाही. दुकान मुलगा चालवतो. चांगला मुलगा आहे. सगळ्यांना नमस्कार करतो.

मागच्या महिन्यात माझी पुढची तपासणी झाली. तेच धुळं, तीच खोली. मी पथ्य अक्षरशः पाळलं. थंडीत शेतावरून फोन आला तो उचललाही नाही. दुर्बीण झाली. गुंगी उतरत होती, डोळे मिटलेले होते, आणि कोणाचा तरी हात हातात होता. मी म्हटलं, "भाऊ, गाडी काढायला सांगा. घरी जाऊ."

"हो, सांगते," सौ. म्हणाली. हात तिने सोडला नाही.

आवाज तिचा आहे, हे कळायला मला जरा वेळ लागला. मग बाकीचंही आठवलं. मी भिंतीकडे तोंड करून कुशीवर वळलो. डोळ्यांतून पाणी येत होतं ते उशीत जाऊ दिलं. नर्स सलाइन काढायला आली होती, तिने वाकून बघितलं.

"दुखतंय का, काका?"

मी हो म्हटलं.

"आत हवा भरलेली असते ना, म्हणून," ती म्हणाली. "थोड्या वेळाने निघून गेली की बरं वाटेल."